पृथ्वीचे अंतरंग अभ्यासताना: भूशास्त्राच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी

बी.एस्सी.ला भूशास्त्र घेणाऱ्या विद्यार्थ्याला भूकवच, प्रावरण आणि गाभा ही आकृती शाळेपासून तोंडपाठ असते. परंतु या थरांच्या सीमा कोणी आणि कशावरून ठरवल्या, असे विचारले की बहुतेकजण अडखळतात. इतकी वर्षे हा विषय शिकल्यावर आणि शिकवल्यावर माझा आग्रह असा आहे की, सुरुवात आकृतीपासून नव्हे, तर भूकंपलहरींपासून करावी.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम केलेल्या ओल्डहॅम यांनी १८९७ च्या आसाम भूकंपाचा सखोल अभ्यास केला, दूरदेशीच्या नोंदींतून पी (दाबाच्या), एस (आडव्या हेलकाव्याच्या) आणि पृष्ठलहरी वेगळ्या ओळखल्या आणि १९०६ मध्ये पृथ्वीला गाभा असल्याचा पुरावा मांडला. एस लहरी द्रवातून जात नाहीत आणि सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपाशी त्या थांबतात, म्हणून तेथून सुरू होणारा बाह्य गाभा द्रवरूप ठरला. त्याच्या आत घन अंतर्गाभा आहे, हे डॅनिश भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेहमन यांनी १९३६ मध्ये दाखवले. या क्रमाने वाचले की आकडे घोकावे लागत नाहीत.

नवख्यांच्या मनात दोन समजुती हमखास असतात. पहिली, प्रावरण म्हणजे वितळलेला लाव्हा. वास्तविक त्यातून एस लहरी जातात, म्हणजेच ते बहुतांशी घन आहे आणि लक्षावधी वर्षांच्या अवधीत अतिशय संथपणे वाहते. दुसरी, भूपट्ट (पृथ्वीच्या बाह्य थराचे सरकणारे तुकडे) म्हणजे भूकवच. भूपट्टात भूकवचाबरोबरच प्रावरणाचा वरचा ताठर भागही येतो आणि त्याची जाडी साधारण १०० किलोमीटर, खंडांखाली त्याहूनही अधिक असते. घटकांवरून केलेली आणि ताठरपणावरून केलेली, अशा दोन्ही विभागण्या वहीत शेजारी शेजारी मांडाव्यात.

भूपट्ट का सरकतात, याचे ‘अभिसरण प्रवाहांमुळे’ (तापून वर येणाऱ्या व थंड होऊन खाली जाणाऱ्या प्रावरणामुळे) हे उत्तर माझ्या मते अपुरे आहे. थंड, जड झालेला सागरी भूपट्ट समुद्रतळावरील खोल खंदकापाशी प्रावरणात बुडताना मागचा भाग ओढतो. ज्यांच्या कडा अशा बुडत आहेत, ते पॅसिफिकसारखे भूपट्ट म्हणूनच वेगवान आहेत.

वेगाचे गणित स्वतः करून पाहावे. दख्खनचा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्तस्थानावर (प्रावरणातून उष्ण द्रव्य वर येण्याच्या जागेवर) ओतला गेला असे मानतात, ते आज हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली, २१ अंश दक्षिणेला आहे आणि मुंबई १९ अंश उत्तरेला. तप्तस्थान फारसे हलले नाही असे धरल्यास ४० अंशांचे अंतर, म्हणजे सुमारे ४,४०० किलोमीटर होते. आजच्या वर्षाला साधारण ५ सेंटीमीटर वेगाने मात्र एवढ्या काळात ३,३०० किलोमीटरच कापले जातात. उरलेले अंतर सांगते की भारतीय भूपट्ट पूर्वी बराच वेगवान होता. आशियाशी टक्कर सुरू झाल्यावर, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी, तो मंदावला. हे गणित कागदावर सोडवलेला विद्यार्थी तोंडी परीक्षेत सहसा अडत नाही.

याच प्रवासाचा दुसरा पुरावा सह्याद्रीच्या खडकातच आहे. लाव्हा थिजताना त्यातील लोहयुक्त खनिजांनी तेव्हाच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवली आणि तिच्या क्षितिजाशी असलेल्या कलावरून तो विषुववृत्ताच्या दक्षिणेला थिजल्याचे कळते. अशा अभ्यासासाठी नमुना घेताना तो खडकातून सुटा करण्यापूर्वीच त्याच्या पृष्ठभागावर उत्तर दिशेचा बाण आणि उताराचा कोन नोंदवावा. एकदा सुटा झालेला, खुणा नसलेला तुकडा दिशामापनासाठी वापरता येत नाही.