मारका बोकड: अंगावर येऊ नये म्हणून काय करावं, आला तर काय करावं

शेळी म्हणजे गरीब जनावर, असं समजून गोठ्यात शिरणाऱ्याला पहिली ढुशी बसते ती बहुधा गुडघ्याच्या मागे. पूर्ण वाढलेला उस्मानाबादी बोकड ३५-४० किलोंच्या घरात असतो, सिरोही किंवा बीटल जातीचा ५०-६० किलोंच्या पुढे जातो. एवढं वजन शिंगांच्या टोकावर येऊन आदळलं तर मोठा माणूसही खाली बसतो. लहान मुलाचा तर चेहराच त्या उंचीला असतो.

पण बोकड सांगितल्याशिवाय मारत नाही. तो काय सांगतोय ते कळलं की निम्मं काम झालं.

आधी बोकड वाचायला शिका

मेंढा आणि बोकड यांची टक्कर वेगळी असते. मेंढा चार पावलं मागे सरतो आणि सरळ धावत येतो. बोकड मागच्या दोन पायांवर उभा राहतो, मान किंचित वाकडी करतो आणि वरून तिरका खाली येतो. म्हणून मेंढा मागे सरकला की सावध व्हायचं, आणि बोकडाने पुढचे पाय उचलले की.

त्याआधीच्या खुणा अशा: हनुवटी छातीकडे ओढून घेणं, पाठीच्या कण्यावरचे केस ताठ होणं, पुढच्या पायाने जमीन उकरणं, शिंकल्यासारखा ‘फुस्स’ आवाज, आणि अंग आडवं धरून तुमच्याकडे एका डोळ्याने पाहत राहणं. आडवं उभं राहणं म्हणजे ‘बघ मी केवढा आहे’. बरेच जण या खुणेला शांतपणा समजतात आणि तिथेच पाठ फिरवतात.

माजाच्या काळात बोकड जीभ बाहेर काढून बडबडल्यासारखा आवाज करतो, स्वतःच्या दाढीवर आणि पुढच्या पायांवर मुततो, वरचा ओठ उचलून हवा हुंगतो. हे तुमच्यासाठी नसतं, शेळीसाठी असतं. पण त्याच्या आणि माजावरच्या शेळीच्या मध्ये तुम्ही आलात तर तुम्ही दुसरे बोकड ठरता. शेळीचा माज साधारण १८ ते २१ दिवसांनी परत येतो आणि एक-दीड दिवस टिकतो. मोठ्या कळपात कोणी ना कोणी माजावर असतंच, त्यामुळे ‘आज तो शांत आहे’ या भरवशावर राहू नये.

खोड कुठे लागते

बहुतेक मारके बोकड घरातच तयार होतात, दोन-तीन महिन्यांचे असताना. करडू कपाळ पुढे करतं, पोरं तळहात लावून त्याला मागे ढकलतात, ते पुन्हा येतं, सगळे हसतात. करडाच्या लेखी ही टक्कर असते आणि समोरचा त्याच्या बरोबरीचा असतो. आठ-दहा किलोंच्या करडाची ही गंमत चाळीस किलोंच्या बोकडाची सवय होते. बाटलीवर वाढवलेली नर करडं याबाबतीत सर्वांत वाईट निघतात: त्यांना माणसाची भीती नसते आणि माणूस आपल्याच कळपातला वाटतो. म्हणून:

१. करडाच्या कपाळाला हात लावायचा नाही. खाजवायचं तर हनुवटीखाली, मानेच्या बाजूला किंवा छातीवर. घरातल्या प्रत्येकाला, पाहुण्यांच्या पोरांनाही, हे सांगावं.

२. करडाने ढुशी दिली तर ढकलाढकली न करता त्याची हनुवटी वर उचलून धरावी, अंग हलवायचं थांबेपर्यंत. तोंड वर असताना त्याला टक्कर देता येत नाही.

३. आईवेगळं नर करडू बाटलीवर वाढवावं लागलंच तर एकटं ठेवू नये, दुसऱ्या करडांत ठेवावं. टकरी त्याने त्यांच्याशी खेळाव्या.

४. तीन महिन्यांचे झाले की नर आणि पाठी (मादी करडं) वेगळ्या कराव्यात. चौथ्या महिन्यापासून बोकड पाठी गाभण करू शकतो.

५. पैदाशीसाठी नको असलेल्या नरांचं खच्चीकरण दोन-तीन महिन्यांच्या वयात पशुवैद्यकाकडून चिमट्याने करून घ्यावं. मोठ्या बोकडाचं केलं तर जोर कमी होतो, पण मुरलेली खोड बऱ्याचदा राहते.

गोठ्यात रोज शिरताना

अपघाताची वेळ ठरलेली असते: चारा टाकताना. दोन्ही हात अडकलेले, कंबर वाकलेली, तोंड गव्हाणीकडे आणि पाठ कळपाकडे. वाकलेल्या माणसाचं डोकं बरोबर शिंगांच्या उंचीवर येतं.

चारा आणि खुराक शक्यतो बाहेरूनच टाकता यावा. गव्हाण कुंपणाला लागून बांधली की बोकडाच्या खणात रोज शिरावंच लागत नाही. हा एक बदल बाकी सगळ्या युक्त्यांपेक्षा जास्त उपयोगी आहे, आणि बांधकाम सुरू असताना केला तर खर्चही फारसा वाढत नाही.

आत जावंच लागलं तर आधी आवाज द्यावा. झोपलेला किंवा रवंथ करणारा बोकड दचकून उठला की विचार करत नाही. कडेकडेने चालावं, पण भिंत आणि बोकड यांच्या मध्ये सापडू नये. गुडघा भिंतीवर चेंगरतो. हातात घमेलं, बादली किंवा दोन-अडीच फुटांची प्लायची फळी असावी, मारायला नव्हे, आड धरायला. पायांत बूट असावेत. स्लीपर घालून शेणामुतावरून मागे सरकता येत नाही. आणि बाहेर पडताना शेवटचं पाऊलही तोंड बोकडाकडे ठेवूनच टाकावं.

दावं हाताला गुंडाळून घेऊ नये. बोकडाने हिसका दिला की बोटं त्यात अडकतात. गळ्यातल्या दोरीपेक्षा म्होरकी (तोंडावर बांधायची दोरी) किंवा रुंद पट्टा बरा, कारण तोंड वळवता आलं की बोकड वळतो. नेताना त्याच्या खांद्याला खांदा लावून चालावं, पुढे राहून ओढू नये.

एक गोष्ट मारकेपणात मोडत नाही, पण डोळे जातात ते तिच्यामुळे. गाठ सोडायला माणूस वाकतो, त्याच क्षणी शेळी मानेवरची माशी हाकलायला डोकं झटकते. त्यामुळे गाठ सोडताना एका हाताने पट्टा धरून ठेवावा आणि आपलं तोंड शिंगांच्या रेषेत आणू नये. शिंग जाळीत अडकलेली शेळी सोडवतानाही तसंच. ती जितकी ओढते तितकी बोटं चेंगरतात. आधी तिला जाळीकडे पुढे ढकलून ताण सैल करावा, मान तिरकी करून एक शिंग मागे काढावं, मग दुसरं.

अंगावर आलाच तर

पळू नका. बोकड तुमच्यापेक्षा वेगाने धावतो, आणि पाठ दिसली की त्याचा जोर वाढतो.

तोंड त्याच्याकडे ठेवा, हातातली फळी किंवा घमेलं पुढे धरा. तो मागच्या पायांवर उभा राहिला की बाजूला सरका. त्या अवस्थेत त्याला वळता येत नाही, वार मोकळा जातो. खाली आला की लगेच पट्टा धरा, दुसरा हात जबड्याखाली घालून हनुवटी वर उचला आणि मांडीने त्याचं अंग कुंपणाला दाबा. पट्टा नसेल तर दाढी धरली तरी चालते. तरीही आवरत नसेल तर पुढचा एक पाय उचलून धरावा. तीन पायांवर त्याला जोर लावता येत नाही.

शिंगं धरून झोंबू नका. शिंगांना हात लागला म्हणजे टक्कर स्वीकारली, असा त्याचा हिशेब असतो. काठीने कपाळावर मारण्यात तर काहीच अर्थ नाही. ती कवटी टकरी झेलण्यासाठीच घडलेली आहे. उलट पाण्याचा फवारा तोंडावर मारला तर भलेभले बोकड मागे सरतात. कुंड्यांवर पाणी मारायची फवारणीची बाटली गोठ्याच्या दाराशी भरून टांगून ठेवावी. मात्र फवारा तो ढुशीच्या तयारीत असतानाच मारावा. नंतर मारलेल्या पाण्याचा संबंध त्याला लागत नाही.

खाली पडलात तर पोट आणि चेहरा हातांनी झाका, गुडघे पोटाशी घ्या आणि कुंपणाकडे सरकत उठा.

दाटी असली की भांडणं आलीच

शेळ्यांच्या आपसातल्या टकरींमध्येही माणूस सापडतो. कारण बहुतेक वेळा जागा किंवा गव्हाण अपुरी. मोठ्या शेळीला निदान १० चौरस फूट, बोकडाला २० चौरस फूट निवारा आणि त्याच्या दुप्पट मोकळी जागा धरावी. गव्हाणीवर मोठ्या जनावरामागे दीड फूट लांबी हवी. शिंगंवाल्या आणि भुंड्या शेळ्या एका खणात ठेवू नयेत. बोकडाच्या खणाचं कुंपण साडेचार-पाच फूट उंच आणि दार आत उघडणारं असावं. बाहेर उघडणारं दार तो ढुशा मारून उघडतो. कडीही खाली नको, शेळ्या जिभेने आणि ओठांनी कड्या काढतात.

नवीन जनावर आणलं की आधी तीन-चार आठवडे वेगळं ठेवावं, रोगासाठी हे करायचंच असतं. मग आठवडाभर मधे जाळी ठेवून शेजारी बांधावं आणि नंतर मोकळ्या जागी सोडावं, बंद खोलीत नव्हे. पहिल्या दोन दिवसांत टकरी होतात, त्या होऊ द्याव्यात. रक्त निघालं किंवा एखादी कोपऱ्यात अडकून खायलाच येईना, तरच मधे पडावं, तेही फळी घालून.

व्यालेली शेळी पहिले काही दिवस करडासाठी अंगावर येते. तिच्या आणि करडाच्या मध्ये उभं राहू नये, कुत्रं सोबत नेऊ नये. गरोदर बाईने व्यायच्या वेळची किंवा गाभडलेल्या शेळीची कामं करू नयेत. ढुशीइतकाच संसर्गाचाही धोका असतो.

बकरी ईदचा बोकड घरी आला की

मुंबईतल्या देवनारच्या बाजारातून आलेला बोकड बऱ्याचदा शेकडो किलोमीटरचा प्रवास करून, कळपातून तुटून आलेला असतो. सोसायटीच्या आवारात पोरांचा गराडा पडतो आणि जो तो कपाळाला हात लावतो. त्याला भिंतीच्या कोपऱ्यात, सावलीत, चार-पाच फुटांच्या दाव्याने बांधावं. दाव्याची लांबी अधिक दोन फूट एवढ्या अंतरावर खडूने रेघ मारावी आणि मोठ्या माणसाशिवाय मुलांना रेघेच्या आत सोडू नये. जिन्यात किंवा लिफ्टशेजारी बांधू नये. दोन बोकड असतील तर एकमेकांना दिसतील पण दावं गुंतणार नाही, असे बांधावेत. पाला मुलांनी हातात लांब फांदी धरून द्यावा. बोकडाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, पण दाढा धारदार असतात. तोंडात बोट गेलं तर फाटतं.

गरीब जनावर एकाएकी मारकं झालं तर

ही बाब वेगळी आहे. आजवर शांत असलेली शेळी अचानक अंगावर येऊ लागली, आवाज बदलून सारखी ओरडू लागली, लाळ गळते, पाणी गिळता येत नाही, तर कुत्र्याच्या चाव्याने झालेल्या रेबीजची शंका आधी घ्यावी. घशात काही अडकलंय का पाहायला तोंडात हात घालू नये. तिला वेगळं कोंडावं, दूध वापरू नये आणि पशुवैद्यकाला बोलवावं. १९६२ या क्रमांकावर फिरतं पशुवैद्यकीय पथक मिळतं. तिची लाळ जखमेला, डोळ्याला किंवा तोंडाला लागली असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवावी, डोळे नुसत्या पाण्याने, आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी.

शिंगाची जखम वरून बारीक आणि आत खोल असते. तिच्यात हळद किंवा राख भरू नये. धुऊन स्वच्छ कापड बांधावं आणि डॉक्टरांना दाखवून धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारावं. पोटावर ढुशी बसून पोट दुखत राहिलं, उलटी झाली किंवा लघवीत रक्त दिसलं तर घरी थांबू नये.

खोड जात नसेल तर

२५-३० शेळ्यांमागे एक बोकड पुरतो, आणि सख्ख्या नात्यात पैदास होऊ नये म्हणून तोही दीड-दोन वर्षांनी बदलावाच लागतो. मग मारका बोकड ‘जातिवंत आहे’ म्हणून सांभाळण्यात शहाणपण नाही. स्वभावही काही अंशी पिलांत उतरतो. तोवर ठेवायचाच असेल तर शिंगांची टोकं पशुवैद्यकाकडून बोथट करून घ्यावीत, किंवा टेनिसच्या चेंडूला भोक पाडून टोकांवर बसवावा आणि चिकटपट्टीने घट्ट करावा. मोठ्या बोकडाची शिंगं मुळापासून घरी कापू नयेत, शिंगाची पोकळी कवटीच्या पोकळीशी जोडलेली असते आणि रक्त थांबत नाही. बाजारात नेताना दोन्ही बाजूंनी दोन दावी लावावीत, दोन माणसांनी धरावीत. आणि घेणाऱ्याला तो मारका आहे हे दावं हातात देण्याआधी सांगावं.