मणक्याची गादी सरकलीय? घरच्या घरी कंबर सांभाळण्याची रीत

बडोद्यात कुणाची कंबर धरली आणि कळ पायात उतरली की संध्याकाळपर्यंत दोन सल्ले हमखास येतात. एक, महिनाभर पाठ टेकून पडून राहा. दुसरा, अमुक ठिकाणी एक हाडवैद आहे, तो एका झटक्यात गादी जागेवर बसवून देतो. सल्ला देणारे प्रेमानेच देतात, पण या दोन्ही गोष्टी करू नका.

दोन मणक्यांच्या मध्ये जी गादी असते तिला बाहेरून चिवट तंतूंचं कडं असतं आणि आत मऊ गर. कडं चिरलं की गर मागच्या बाजूला येतो, शेजारच्या नसेवर दाब पडतो आणि नस सुजते. कमरेत हे बहुतेक वेळा सर्वांत खालच्या दोन गाद्यांत होतं. एमआरआयच्या कागदावर एल४-एल५ आणि एल५-एस१ लिहिलेलं असतं त्या याच. म्हणून बिघाड कमरेत असला तरी ठणका ढुंगणात, मांडीत, पोटरीत, अगदी अंगठ्यापर्यंत जातो. बाहेर आलेला गर कुणी दाबून आत ढकलू शकत नाही, पण शरीर तो हळूहळू शोषून घेतं. जितका मोठा तुकडा सुटलेला, तितकी तो विरघळण्याची शक्यता जास्त, हे डॉक्टरांना वारंवार दिसलेलं आहे. बहुतेकांचा पाय सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनशिवाय शांत होतो. तोवर नसेला जास्त डिवचायचं नाही आणि अंग आखडू द्यायचं नाही, एवढंच आपलं काम.

आधी हे तपासा

लघवी अडकली किंवा आपोआप होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, जांघांच्या मध्ये आणि गुदद्वाराभोवती बधिरपणा आला, दोन्ही पायांतली ताकद जाऊ लागली, तर घरगुती उपाय नकोत. रात्र असो, सण असो, तडक मोठं हॉस्पिटल गाठा. सयाजी हॉस्पिटलसारख्या ठिकाणी इमर्जन्सी चोवीस तास उघडी असते. यात काही तासांच्या उशिरानेही कायमचं नुकसान होऊ शकतं. पाऊल उचलत नाही, चप्पल पायातून निसटते, असं होत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ताप, कारण नसताना घटलेलं वजन, पूर्वी झालेला कॅन्सर, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, यांतलं काही असेल तरीही आधी डॉक्टर.

यांतलं काहीच नसेल तर पुढे वाचा.

पहिले दोन दिवस

पडून राहायचं ते एवढेच दिवस, तेही सलग नाही. सर्वांत आराम देणारी स्थिती अशी: जमिनीवर सतरंजी घालून उताणं झोपा आणि दोन्ही पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवा. गुडघे आणि कंबर दोन्हीकडे काटकोन झाला पाहिजे. दहा-पंधरा मिनिटं असं राहा, मग उठून घरातल्या घरात फिरा. रात्री कुशीवर झोपत असाल तर दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, उताणे झोपत असाल तर गुडघ्यांखाली. पलंग सोडून फरशीवर झोपण्याची गरज नाही. खूप कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादी कंबरेला बरी पडते, आणि दुखत असताना फरशीवरून उठणं ही वेगळीच शिक्षा.

गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून १५ ते २० मिनिटं. काहींना पहिल्या दिवशी बर्फाने बरं वाटतं, तेही चालेल. तेल हलक्या हाताने लावा, पण मुलाला पाठीवर चालायला लावणं, कंबर कडाकड मोडणं, दोघांनी पाय ओढणं, यातलं काही नको. आयबुप्रोफेनसारखी दुखणं थांबवणारी गोळी जेवल्यावर आणि थोडेच दिवस घ्यावी. किडनीचा त्रास, अल्सर, बीपी, रक्त पातळ करणारं औषध किंवा डेंग्यूची शंका असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको.

अंथरुणातून उठणं

हे नीट शिका, कारण दिवसातली सर्वांत जोराची कळ इथेच येते. सरळ उठून बसायचं नाही. आधी दोन्ही गुडघे वाकवा. मग खांदे, कंबर आणि गुडघे एकाच वेळी फिरवून कुशीवर या, मधे पीळ पडू देऊ नका. आता पाय पलंगाच्या कडेवरून खाली सोडा आणि त्याच क्षणी खालचं कोपर आणि वरचा तळहात दाबून धड वर आणा. पाय खाली जातात तसं धड वर येतं, कंबरेला काहीच करावं लागत नाही. झोपताना हेच उलट्या क्रमाने.

रात्रभर मणक्यांमधली गादी पाणी शोषून फुगलेली असते, म्हणून उठल्यावर पहिला तासभर पुढे वाकू नका. वाकून तोंड धुणं, रांगोळी, केर काढणं, बादली उचलणं, सगळं नंतर. बेसिनपाशी एक हात कडेला टेकून गुडघे थोडे वाकवा. शिंक येतेय असं वाटलं तर भिंतीला किंवा टेबलाला हात टेका, कंबर सरळ ठेवा आणि मग शिंका. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथलं की तीच कळ उठते. पाणी भरपूर आणि लागलं तर रात्री इसबगोल. शक्य असेल तर कमोडच वापरा.

पालथं झोपण्याचा व्यायाम

न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेंझी यांच्या पद्धतीतला हा व्यायाम जगभर शिकवतात. करताना लक्ष पाठीकडे नको, पायाकडे हवं.

पहिल्यांदा नुसतं पालथं झोपा, हात अंगाशी, मान एका बाजूला. दोन-तीन मिनिटं. फारच दुखलं तर पोटाखाली पातळ उशी. हे जमलं की कोपरांवर या, छाती उचललेली, पोट जमिनीला, आणखी दोन-तीन मिनिटं. तेही जमलं की तळहात खांद्यांखाली ठेवून हात हळूहळू सरळ करा, पण कंबरेखालचा भाग सैल आणि जमिनीलाच टेकलेला राहू द्या. वर जा, खाली या, असं दहा वेळा. दिवसातून चार-पाचदा. ताकद हातांची लावायची, पाठीची नाही.

आता पाय काय सांगतोय ते बघा. ठणका पोटरीतून मांडीत, मांडीतून ढुंगणात, तिथून कंबरेत सरकत असेल तर तुम्ही बरोबर चालला आहात, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी घाबरू नका. उलट ठणका खाली उतरला, मुंग्या किंवा बधिरपणा वाढला, तर तिथेच थांबा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा. ही खूण मला सर्वांत मोलाची वाटते, कारण झोपण्याची स्थिती, खुर्ची, चालणं, सगळं याच कसोटीवर पारखता येतं. साठी ओलांडलेल्या ज्यांना चालताना पाय भरून येतात आणि पुढे वाकलं की बरं वाटतं, त्यांचा त्रास बहुधा नसांची जागा अरुंद झाल्याचा असतो. त्यांनी हा व्यायाम स्वतःहून करू नये.

चालणं

तिसऱ्या दिवसापासून चाला. सुरुवातीला पाच मिनिटं, पण दिवसातून पाच-सहा वेळा, सपाट जागी. पुढे कामाटीबागेत सकाळची फेरी सुरू करा. थकवा आला की बाकावर बसा, पण पुढे वाकून नाही. हात मोकळे हलू द्या आणि पाय ठणकायच्या आधी परता.

बसणं, झोपाळा आणि स्कूटर

उभं राहण्यापेक्षा बसल्यावर गादीवर दाब जास्त पडतो, आणि वाकून बसलं तर आणखी. खुर्चीत कंबरेच्या खोलगट भागाशी टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि वीस-तीस मिनिटांनी उठा. जेवायला, पूजेला खाली मांडी घालून बसणं सध्या बंद. देवाला पाट लागतो, तुम्हाला खुर्ची.

आता झोपाळा. इथे घरोघरी तो असतो आणि संध्याकाळचा चहा त्यावरच होतो, म्हणून सांगायला जड जातं. पण झोपाळ्यावर आपण नकळत पोक काढून बसतो, झोका देताना पायाने रेटतो आणि उठताना हलत्या फळीवरून पुढे झुकतो. पाय शांत होईपर्यंत घरातल्या बाकीच्यांना झुलू द्या. स्कूटरही दोन-तीन आठवडे नकोच. रावपुऱ्यात कामाला जायचंच असेल तर रिक्षापेक्षा कार बरी, आणि बसताना आधी बूड टेकवा, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्या. कंबरेचा पट्टा अशा प्रवासापुरता. दिवसभर बांधून ठेवायची गोष्ट नाही ती.

स्वयंपाकघरात माझी वहिनी ओट्याखाली एक छोटा पाट ठेवते आणि पोळ्या लाटताना आलटून पालटून एक पाय त्यावर ठेवते. उभ्या कंबरेला याने खरोखर उसंत मिळते. २० लिटरची भरलेली बादली म्हणजे वीस किलो वजन, तेव्हा अर्धीच भरा आणि अंगाजवळ धरून उचला. फरशी उभ्याने, लांब दांड्याच्या पोछ्याने.

एमआरआयबद्दल

वरची धोक्याची लक्षणं नसतील तर पहिल्या आठवड्यात एमआरआयची घाई नको. पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली एक आढावा निघाला. त्यात विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या आढळल्या. म्हणजे रिपोर्टमधल्या शब्दांनी हबकून अंथरूण धरू नका.

पुढचे आठवडे

पायाचा ठणका गेला की पोट-पाठीची ताकद वाढवायची. उताणं झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं, आणि हातापायांवर रांगत्या स्थितीत एक हात समोर व विरुद्ध बाजूचा पाय मागे सरळ करून दहा सेकंद धरणं, एवढ्याने सुरुवात पुरे. पश्चिमोत्तानासन, उभ्याने पायाचे अंगठे धरणं, सिट-अप हे एवढ्यात नको. सूर्यनमस्कार घालणाऱ्यांनी पुढे वाकण्याची आसनं सध्या गाळावीत.

नवरात्र जवळ आली असेल तर मोह आवरा. तीन टाळ्यांचा गरबा म्हणजे तासन्‌तास वाकणं आणि पिळणं एकत्र, गादीला नेमकं हेच सोसत नाही. अर्धा तास भरभर चालून आल्यावर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाय गप्प राहिला, तर मैदानाच्या बाहेरच्या रिंगणात साधी दोन टाळी, तीही थोडा वेळ.

सहा आठवडे हे सगळं नीट करूनही पाय तसाच ठणकत असेल, झोप लागत नसेल, तर हाडांच्या किंवा मणक्याच्या डॉक्टरांकडे जा. त्या वेळी एमआरआय उपयोगाचा असतो, आणि नसेजवळचं इंजेक्शन किंवा ऑपरेशन यांचा विचारही तेव्हाच करायचा. जाताना ठणका कुठून कुठे सरकला आणि कशाने वाढतो, हे तारखेनिशी लिहून न्या.