सर्व्हरवर युजरला थोडाच अ‍ॅक्सेस द्यायचाय? मग या चुका टाळा

लिनक्स सर्व्हरवर कुणाला एखादी कॉन्फिग फाइल बदलायची असते, कुणाला नुसते लॉग बघायचे असतात, कुणाला वेबसाइटच्या फोल्डरमध्ये फाइली टाकायच्या असतात. ही तीन वेगळी कामं आहेत आणि तिन्हींसाठी परमिशन द्यायची पद्धत वेगळी आहे, पण घाईत सगळ्यांना एकतर ७७७ मिळतं नाहीतर सरळ सुडो ग्रुप (म्हणजे रूट, सर्व्हरचा सर्वाधिकारी युजर, म्हणून कमांड चालवायची मुभा).

७७७ म्हणजे सर्व्हरवरचा प्रत्येक युजर ती फाइल बदलू शकतो, वेबसर्व्हर ज्या युजरने चालतो तोसुद्धा, मग साइटमध्ये एखादी त्रुटी निघाली की बाहेरच्या माणसाला लिहायला आयती जागा. आणि बऱ्याचदा प्रॉब्लेम त्या फाइलमध्ये नसतोच! फाइल ठीक असते, पण वरच्या कुठल्यातरी फोल्डरला एक्झिक्यूट बिट (आत शिरायची परमिशन) नसतो म्हणून आत जाताच येत नाही. 'नेमआय -एल' कमांडला पूर्ण पाथ द्या, सगळ्यात वरच्या फोल्डरपासून प्रत्येक फोल्डरची परमिशन एकाखाली एक दिसते, कुठे अडतंय ते लगेच कळतं.

आता सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात घातक चूक. युजरला एकच फाइल एडिट करायची आहे म्हणून सुडोअर्समध्ये, म्हणजे कुणाला सुडोने काय चालवता येईल ते ठरवणाऱ्या फाइलमध्ये, 'विम एडिटर आणि त्या फाइलचा पाथ' एवढंच अलाउ करतात आणि वाटतं की झालं, आता तो फक्त तेवढंच करेल. पण विम रूट म्हणून चालू झालंय ना, मग आतून कोलन, उद्गारचिन्ह आणि शेलचं (कमांड घेणाऱ्या प्रोग्रामचं) नाव टाकलं की थेट रूट शेल मिळतं, शिवाय तिथूनच दुसरी कुठलीही फाइल उघडता येते. फाइल वाचायच्या लेस कमांडचंही तेच. यासाठी सुडोएडिट आहे. ते फाइलची तात्पुरती कॉपी करतं, एडिटर युजरच्या स्वतःच्या नावाने उघडतं आणि सेव्ह करून बाहेर पडलं की कॉपी मूळ जागी परत लिहितं, म्हणजे एडिटरमधून शेल काढलं तरी ते साध्या युजरचंच निघतं. सुडोअर्समध्ये सुडोएडिट लिहिताना त्याचा पाथ द्यायचा नाही, नुसतं नाव आणि पुढे फाइलचा पूर्ण पाथ. सुडोचं व्हर्जन जुनं असेल तर आधी अपडेट करा, कारण सुडोएडिटमधूनच दुसरी फाइल एडिट करता येईल असा एक बग १.९.१२पी२ मध्ये दुरुस्त झालाय. आणि हो, ती फाइल कोणती आहे तेही बघा, ठरलेल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या क्रॉनची किंवा सर्व्हिस चालू करणाऱ्या सिस्टमडीची फाइल एडिट करायला दिली म्हणजे रूटच दिलं, पद्धत कुठलीही असो.

सुडोअर्समध्ये स्टार (*, म्हणजे 'इथे काहीही चालेल') वापरणं ही दुसरी फसगत. फाइल दाखवणारी 'कॅट' कमांड आणि लॉग फोल्डरपुढे स्टार असं लिहिलं तर तो स्टार स्लॅशलाही मॅच होतो आणि स्पेसलाही, म्हणजे युजर एका लॉगचं नाव देऊन पुढे शॅडो फाइलचा (जिच्यात पासवर्डचे हॅश असतात) पाथ जोडतो आणि सुडो मुकाट्याने दाखवतं. खरं तर लॉग वाचायला सुडो लागतच नाही, डेबियन-उबुंटूवर बहुतेक लॉगसाठी युजरला 'एडीएम' ग्रुपमध्ये टाकलं की काम होतं.

सुडोअर्स नेहमी विसुडो कमांडनेच एडिट करा, ती चुका तपासते, साध्या एडिटरमध्ये एक कॉमा चुकला तर सगळ्यांचंच सुडो बंद पडू शकतं. नियम सुडोअर्स डॉट डी फोल्डरमध्ये ठेवलाय आणि लागूच होत नाहीये? फाइलच्या नावात डॉट आहे का बघा, तशा फाइली सुडो वाचतच नाही.

फोल्डर शेअर करायचं असेल तर सुडो विसरा, ग्रुप बनवा. इथे युजरला ग्रुपमध्ये टाकणाऱ्या यूजरमॉड कमांडला कॅपिटल जी सोबत छोटा ए द्यायचा राहिला तर युजर बाकीच्या सगळ्या जादा ग्रुपमधून बाहेर फेकला जातो, अ‍ॅडमिन स्वतःवर ही कमांड चालवून सुडो गमावून बसतात. ग्रुप दिल्यावर युजरला लॉगआउट करून परत लॉगिन करायला सांगा, नाहीतर 'अजून चालत नाहीये' असा मेसेज येणारच. फोल्डरला सेटजीआयडी लावा म्हणजे नवीन फाइलींना फोल्डरचाच ग्रुप मिळतो, पण यूमास्क (नवीन फाइलींच्या परमिशनमधून काय वगळायचं ते) ०२२ असेल तर ग्रुपला लिहिता येत नाहीच, म्हणून सेटएफएसीएलने डिफॉल्ट एसीएल (युजरनिहाय, ग्रुपनिहाय परमिशनची यादी) लावणं जास्त बरं. तोही फक्त नवीन फाइलींना लागतो, आधीच्या फाइलींना वेगळा लावावा लागतो, आणि बाहेरून मूव्ह करून आणलेली फाइल आपली जुनीच परमिशन घेऊन येते.

एसीएल बरोबर दिसतोय तरी लिहिता येत नाहीये तर गेटएफएसीएलमध्ये मास्क (एसीएलमधल्या परमिशनची कमाल मर्यादा) बघा. एसीएल असलेल्या फाइलवर कुणी सीएचमॉडने ग्रुपची परमिशन बदलली की खरं तर मास्क बदलतो, आणि दिलेली राइट परमिशन कागदावरच राहते. सेटएफएसीएलने मास्क परत वाढवा.

डॉकर (अ‍ॅप वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं सॉफ्टवेअर) ग्रुप 'फक्त कंटेनर चालवायला' म्हणून कुणालाही देऊ नका, त्यातून होस्टची, म्हणजे मूळ सर्व्हरची, पूर्ण डिस्क माउंट करता येते.

सगळं झाल्यावर 'सुडो -एल -यू' पुढे युजरचं नाव देऊन त्याला नक्की काय काय मिळालंय ते वाचा, यू कॅपिटल. मग त्याच युजरने लॉगिन करून दोन्ही बाजूंनी तपासा, जे चालायला हवं ते चालतंय का आणि शॅडो फाइल उघडायला गेलं तर नकार मिळतोय का.