डोंगर कमी, घरचे जास्त: व्हॅली ऑफ फ्लॉवर्सच्या फॅमिली ट्रिपचे फोटो कसे काढायचे

तीन वर्षांपूर्वी आम्ही हिमाचलला गेलो होतो तेव्हा मी साडेबाराशे फोटो काढले. इंदूरला परत आल्यावर सगळ्यांना बसवून मोठ्या हौसेनं टीव्हीवर लावले, तर चाळिसाव्या डोंगराला आत्याबाई घोरायला लागल्या. नंतर व्हॉट्सअॅपवर सगळ्यांनी मागितले ते तीन-चारच, आणि त्यात डोंगर नव्हताच. एकात सासूबाई ढाब्यावर शाल सावरत बशीत चहा ओतताहेत, एकात माझा मुलगा आणि हे एकाच बाकावर एकाच पोझमध्ये झोपलेत, असे. डोंगराचे माझ्यापेक्षा शंभरपट चांगले फोटो नेटवर पडलेत, बशीवाल्या सासूबाई मात्र माझ्याशिवाय कोण काढणार होतं?

म्हणून मागच्या ऑगस्टमध्ये उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला, म्हणजे फुलांच्या दरीत, जायचं ठरलं तेव्हा मी आधीच ठरवून टाकलं की डोंगर मागे राहील, माणसं पुढे. ओळखीतले बरेच जण विचारतात म्हणून काय काय केलं ते लिहून टाकते, मोबाईलवाल्यांनाही चालेल, माझे निम्मे फोटो मोबाईलचेच आहेत.

आधी घरच्या घरी प्रॅक्टिस करा, हे कोणी करत नाही. आपल्याला इंदूरजवळ पाताळपाणीचा धबधबा आहे, जानापावचा डोंगर आहे, पावसाळ्यात एक रविवार काढा आणि मुलांना घेऊन जा (पाताळपाणीला लांबूनच बरं का, वरून पाणी अचानक वाढतं). ओल्या हातानं फोन अनलॉक होत नाही, पाऊस असताना बॅगेतून कॅमेरा काढेपर्यंत मुलं पुढे निघून जातात, या सगळ्या गोष्टी तिथेच कळतात. मी तेव्हाच ठरवलं की कॅमेरा बॅगेत नाही, गळ्यात आणि रेनकोटच्या आत.

सामानाचं सांगते. रेनकोट घेताना रंग बघा! आम्ही इंदूरच्या राजवाड्याजवळून सगळ्यांना नेव्ही ब्लू घेतले, स्वस्त पडले म्हणून, फक्त लेकीनं रडून पिवळा घेतला. आता तिथे सगळीकडे हिरवं आणि धुकं, त्यात आम्ही पाच जण काळे ठिपके आणि ती एकटी झळकतेय, एवढंच नाही तर धुक्यात ती कुठे आहे हे लांबूनही दिसायचं. लाल, पिवळा, केशरी घ्या. कॅमेऱ्याला महागडं रेन कव्हर नको, हॉटेलात फुकट मिळते ती शॉवर कॅप बसते अगदी फिट्ट. चष्मा पुसायचे दोन-तीन फडके, झिपवाल्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि पॉवरबँक, कारण व्हॅलीच्या अलीकडच्या मुक्कामाच्या गावी, घांघरियाला, विजेचा भरवसा नाही.

रस्ता असा की हरिद्वारपर्यंत ट्रेन, पुढे जोशीमठ, गोविंदघाट, मग पुलना, आणि पुलनाहून घांघरिया साधारण १० किलोमीटर चढ. पायी, खच्चरावर किंवा पिठ्ठूच्या (ओझं वाहणाऱ्या माणसाच्या) पाठीवरच्या कंडीत, म्हणजे टोपलीत. आमच्याकडे सासूबाई खच्चरावर, आत्याबाई कंडीत, बाकी आम्ही धापा टाकत. आपलं इंदूर साडेपाचशे मीटरवर आणि घांघरिया ३,००० च्या वर, तेव्हा दम लागणारच. पण फोटोसाठी हाच भाग सगळ्यात भारी आहे. चालताना माणसं खाली मान घालून चालतात, फोटोत फक्त टोप्या येतात. थांबली की चेहरे येतात. म्हणून मी टपरीवर दहा पावलं पुढे जाऊन बसायचे आणि बाकीचे येऊन टेकायची वाट बघायचे. मॅगीची वाफ असेल तर वाफेच्या मागून उजेड येईल असं बसा, वाफ चमकते, समोरून उजेड असेल तर दिसतच नाही.

अशाच एका टपरीवर आत्याबाईंनी पिशवीतून लसणाच्या शेवेचं पाकीट काढलं. ते फुगून टम्म! वर हवेचा दाब कमी, आतली हवा खालची, त्यामुळे पाकीट फुटबॉल झालेलं. आत्याबाई म्हणाल्या, "अगं, ही खराब झाली का गं?" आणि पाकीट कानाजवळ नेऊन हलवायला लागल्या, शेजारी लेक पोट धरून हसतेय, मागे खच्चर मान वळवून बघतंय. मी तोंडातून शब्द न काढता बटण दाबून धरलं, सलग पंधरा-वीस फोटो निघाले, त्यातला एक जमला. "इकडे बघा" म्हटलं असतं तर संपलं होतं सगळं.

आता थोडं टेक्निकल, पण यातलं एक जरी लक्षात ठेवलंत तरी फरक पडेल. डोंगरापुढे माणूस उभा करायचा तर लोक काय करतात, माणसाच्या जवळ जातात आणि वाइड (खूप रुंद भाग घेणारी लेन्स) लावतात. मग माणूस मोठा आणि मागचा एवढा थोरला डोंगर उंदराएवढा! उलट करा. दहा-पंधरा पावलं मागे या आणि २एक्स किंवा ३एक्स झूम लावा, माणूस तेवढाच राहतो आणि डोंगर त्याच्या मागे अंगावर येतो. अल्ट्रावाइड लावलाच तर कडेला कोणाला उभं करू नका, चेहरा ताणला जातो, आमच्या ह्यांचा एक फोटो आहे त्यात गाल भोपळ्यासारखा आलाय, अजून ऐकवतात.

धुकं किंवा बर्फ मागे असेल तर चेहरे काळे पडतात, कारण कॅमेऱ्याला वाटतं केवढा उजेड आहे आणि तो सगळंच कमी करतो. मोबाईलवर चेहऱ्यावर टॅप करा, सूर्याचं चिन्ह येईल ते थोडं वर सरकवा. कॅमेरा असेल तर एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) अधिक ०.७ ते अधिक १.३. मागचं धुकं पांढरं फट्ट झालं तर होऊ द्या. आणि भर दुपारी ऊन पडलंच तर टोपीखाली डोळे दिसत नाहीत, तेव्हा माणसांची पाठ उन्हाकडे करा, केसांना छान कड येते, चेहऱ्यासाठी फ्लॅश चालू ठेवा, दिवसा सुद्धा.

पहाटेचं एक गणित असतं. अॅपमध्ये सूर्योदय दाखवतो ती वेळ दरीत चालत नाही, कारण ऊन आधी शिखरांना लागतं आणि आपण बराच वेळ सावलीत. जोशीमठजवळच्या औलीला नशीब असेल तर नंदादेवी दिसते, ७,८१६ मीटर, ती गुलाबी होते तेव्हा खाली आपण अजून अंधारात असतो. तेव्हा एकतर घरच्यांच्या फक्त काळ्या आकृत्या काढा आणि शिखराला सांभाळा, नाहीतर पहिला चहा घ्या आणि ऊन खाली उतरू द्या. दोन्ही एका फोटोत हवं म्हणून मुलांना थंडीत कुडकुडत उभं केलं तर मुलं परत कधी उभी राहणार नाहीत.

मग व्हॅली. घांघरियाहून सकाळी लवकर निघा, दुपारपर्यंत ढग भरतात. आत मुक्काम नाही, संध्याकाळच्या आत बाहेर यावं लागतं, खच्चर आत चालत नाही. नॅशनल पार्क आहे, १९८२ पासून, तेव्हा फूल तोडायचं नाही, पायवाट सोडायची नाही, परवानगीशिवाय ड्रोनचं नावही काढायचं नाही. एक भिया (आमच्या इंदुरी बोलीत भैया) फोटोसाठी सरळ फुलांत जाऊन बसला होता, गाइडनं असं झापलं त्याला की मला बरं वाटलं.

पाऊस असेल तर रडू नका. ढगाळ उजेडात फुलांचे रंग उन्हापेक्षा छान येतात, फक्त पांढरं आकाश फ्रेममध्ये घेऊ नका. फुलाचा फोटो उभ्यानं वरून काढाल तर गालिचा दिसतो, त्यापेक्षा पायवाटेवरच खाली बसा आणि मोबाईल उलटा धरा म्हणजे लेन्स जमिनीजवळ येते. पुढे फूल धूसर, मागे लेक, असा एक जमतोच. वाऱ्यानं फूल हलत असेल तर नवऱ्याला वाऱ्याच्या बाजूला उभं करा, काहीतरी उपयोग.

आत जोन मार्गारेट लेगे या बाईंची समाधी आहे, १९३९ मध्ये फुलं गोळा करताना कड्यावरून घसरून गेल्या. तिथे मी फोटो काढायला वाकले आणि सासूबाईंनी आपल्या आपण हात जोडले (त्या व्हॅलीत कंडीतून आल्या होत्या, खाली उतरून). तोच फोटो घेतला, पाठीमागून, चेहरा न दाखवता.

माझी चूक पण सांगते. थंडीतून आले आणि कॅमेरा तसाच खोलीत शेगडीजवळ ठेवला, पाच मिनिटांत लेन्सवर दव, आतून सुद्धा. दुसऱ्या दिवशीचा अर्धा वेळ सगळे फोटो दुधात बुडवल्यासारखे. बाहेरच झिपच्या पिशवीत बंद करून मग आत आणा आणि तासभर उघडू नका. बॅटरी उलट, ती आतल्या खिशात अंगाजवळ ठेवायची, थंडीत चार्ज असूनही बंद पडते, ऊब मिळाली की परत चालते.

आणि फोटो काढणारी फोटोत नसते, हा आपल्या घराघरातला प्रॉब्लेम. दुसऱ्याच्या हातात फोन द्यायचा तर फ्रेम आपण लावा, त्याला त्याच जागेवर उभं करा, "भैया, हिलना मत, बस दबाते रहना" एवढंच सांगा. त्याहून चांगलं म्हणजे रोज एक तास कॅमेरा मुलाला द्यायचा. माझ्या तेराच्या मुलानं माझे काढलेत ते फोटो मला पाठ दुखत असताना, तोंडात चिक्की असताना, रागावलेली असताना असे आहेत, आणि ह्यांना तेच आवडले.

परत येताना ट्रेनमध्येच निवडायला बसा, घरी आलात की राहतं. आम्ही आठशेतले साठ ठेवले, वाद झाला की लेकीचं मत फायनल. डिलीट करण्याआधी सगळे दोन ठिकाणी कॉपी करा. साठांचे प्रिंट काढा, पोस्टकार्ड साइझमध्ये, आणि दुकानात मॅट पेपर सांगा, ग्लॉसीवर बोटं उमटतात आणि आपल्याकडे फोटो बघताना हातात शेव असतेच.