बाज कसा वापरावा, आणि बाजेवर कधी बसावं

परवा एका पोरानं वहीत लिहून आणलं, ‘दिल्लीची बाज अवघड आहे.’ मी म्हटलं, ‘लेका, सुंभाची की नवारीची?’ त्याला काही कळेना. कोल्हापुरात शिवाजी पेठेत मी तीस वर्षं तबला शिकवतोय, ही चूक वर्षातनं एकदा तरी भेटतेच. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

विणलेली, अंगणात टाकायची खाट, ती बाज. तिच्यावर बसलं की ‘बाजेवर’. कलेतला मात्र तो बाज, म्हणजे धाटणी, ‘बाजात’, ‘बाजाचा’. एवढं सांभाळलं की निम्मं काम झालं.

हा शब्द वाजवण्यातला, म्हणून तबल्यात तो थेट बोटांत असतो. ‘धाधा तिट धाधा तिंना’ हा दिल्ली घराण्याचा कायदा, म्हणजे ठरलेल्या बोलांची रचना, घ्या. दिल्ली म्हणजे दोन बोटांचा बाज. ‘ति’ मधल्या बोटानं शाईवर, म्हणजे मधल्या काळ्या गोलावर, ‘ट’ तर्जनीनं, ‘ना’ चाटेवर, म्हणजे कडेच्या पट्टीवर. हात फार उचलायचा नाही, नाद बंद आणि नेटका. तेच बोल पूरबच्या, म्हणजे लखनौ-बनारसकडच्या, हातानं वाजवा. ‘ति’ला मधलं बोट आणि अनामिका जोडीनं पडतात, पंजा मोकळा होतो, शाई आणि चाटेमधली लव घुमायला लागते, पखवाज आठवतो. बोल तेच, बाज निराळा. सतारीतही तसंच, विलंबित, म्हणजे संथ, गत मसीतखानी बाजाची, द्रुत, म्हणजे जलद, रजाखानी.

गाण्याला हा शब्द जरा जपून लावा. १८९५ साली शाहू महाराजांच्या दरबारात आलेल्या गवई अल्लादियाखाँसाहेबांची ‘गायकी’च म्हणायची. त्यांचा ‘बाज’ म्हटलात तर इथल्या देवल क्लबातले, म्हणजे जुन्या संगीत संस्थेतले, जुने कानसेन वळून बघतील. नाट्यपदाला लावणीचा बाज आहे, हे मात्र खुशाल म्हणा.

लिहिताना बाज कशाचा, ते आधी यायला हवं: कथेचा ग्रामीण बाज, वगाचा तमाशाचा बाज. नुसतं ‘छान बाज आहे’ लिहिलं तर वाचणारा विचारणार, कसला? बाज सांभाळतात, बदलतात, पकडतात, ‘करत’ नाहीत. आणि शैली एका माणसाची असते, बाज त्या प्रकाराचा. निदान मी तरी असाच फरक करतो.

पोरानं वाक्य खोडून पुन्हा लिहिलं, ‘दिल्लीचा बाज अवघड आहे.’ आता वाक्य बरोबर आहे. ‘ति’वर अनामिका अजून पडतीयच.