तुरुंगातल्या परदेशी लोकप्रतिनिधीसाठी निवेदन : कसे लिहावे, कोणाकडे द्यावे

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातल्या माणसाला निवेदन म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. सह्या गोळा करणे, शिष्टमंडळ नेणे, जिल्हाधिकारी कार्यालयात पोहोच घेणे आणि मग वाट पाहणे, यात इथल्या तीन पिढ्यांचा हात बसलेला आहे. मात्र ती निवेदने आपल्याच मतांवर निवडून आलेल्या सरकारला दिलेली असतात. म्यानमारमध्ये निवडून आलेल्या आणि लष्कराने कैदेत टाकलेल्या खासदारांसाठी काही करायचे असेल, तर ज्यांच्या हाती कुलपाची किल्ली आहे त्यांना आपल्या मताची गरजच नसते. म्हणून कागद तोच राहिला तरी त्याची वाट बदलावी लागते. तो अशा माणसाकडे जावा लागतो, ज्याला आपल्याला उत्तर द्यावे लागते आणि ज्याचे म्हणणे म्यानमारच्या राजधानीत, नेप्यिडॉमध्ये, निदान टिपून तरी घेतले जाते.

आधी प्रकरण नीट माहीत करून घ्यावे. म्यानमारमध्ये २७ मे १९९० रोजी झालेल्या निवडणुकीत ऑंग सान सू ची यांच्या नॅशनल लीग फॉर डेमोक्रसी या पक्षाने ४८५ पैकी ३९२ जागा जिंकल्या, पण लष्कराने सत्ता सोडली नाही आणि निवडून आलेल्या अनेकांची रवानगी तुरुंगात झाली. तीस वर्षांनी, ८ नोव्हेंबर २०२० रोजी, त्याच पक्षाने संसदेच्या दोन्ही सभागृहांत मिळून ४७६ पैकी ३९६ जागा मिळवल्या. नव्या संसदेची पहिली बैठक १ फेब्रुवारी २०२१ रोजी भरायची होती. त्याच पहाटे लष्कराने सत्ता हाती घेतली आणि अध्यक्ष विन मिंट, सू ची व अनेक लोकप्रतिनिधी यांना ताब्यात घेतले. मार्च २०२३ मध्ये हा पक्षच विसर्जित झाल्याचे जाहीर करण्यात आले आणि २०२५च्या अखेरीस लष्कराने त्याच्याशिवाय टप्प्याटप्प्याने निवडणूक सुरू केली. ‘आता तिथे नवी निवडणूक झाली आहे, मग जुन्यांचे काय घेऊन बसलात’ असा प्रश्न तुम्हाला पहिल्याच सहीच्या वेळी विचारला जाईल. उत्तर तयार असू द्यावे : नव्या मतदानाने जुना खटला निर्दोष ठरत नाही आणि कैदी आपोआप सुटत नाही.

यानंतरचे काम सर्वांत महत्त्वाचे आहे आणि बहुतेक मोहिमा त्यातच फसतात. ‘सर्व खासदारांना मुक्त करा’ असे निवेदन कोणीही सहज बाजूला ठेवू शकतो, कारण त्यात उत्तर देण्याजोगे काही नसते. एक नाव निवडावे, फार तर दोन. त्या व्यक्तीचा मतदारसंघ, सभागृह, पक्ष, निवडून आल्याचे वर्ष, अटकेची तारीख, लावलेले कलम, शिक्षा, शेवटचे ठाऊक असलेले तुरुंगाचे ठिकाण आणि प्रकृती ही माहिती एका कागदावर उतरवावी आणि प्रत्येक नोंदीपुढे ती कोठून मिळाली व कोणत्या तारखेची आहे हे लिहावे. बर्मी लोकांना आडनाव नसते आणि एकाच नावाची अनेक माणसे आढळतात, त्यामुळे मतदारसंघ लिहिल्याशिवाय ओळख पक्की होत नाही. माजी राजकीय कैद्यांनी २००० साली स्थापन केलेली ‘असिस्टन्स असोसिएशन फॉर पोलिटिकल प्रिझनर्स’ ही संस्था अटकेत असलेल्यांच्या याद्या ठेवते. देशोदेशींच्या संसदांची संघटना असलेल्या जिनिव्हाच्या आंतर-संसदीय संघाचे निर्णयही प्रसिद्ध होतात. या दोन्हींत जुळणारी माहितीच निवेदनात घ्यावी. व्हॉट्सॲपवर फिरणारे छायाचित्र कितीही हृदयद्रावक असले तरी ते घेऊ नये, कारण एक चुकीची तारीख सापडली की समोरचा अधिकारी उरलेल्या खऱ्या गोष्टीही नाकारायला मोकळा होतो.

कलमांच्या बाबतीत आपल्याकडच्या वकिलांची मदत जरूर घ्यावी. म्यानमारचा दंडविधान हा ब्रिटिश हिंदुस्थानच्याच दंडविधानाचा वारसा आहे आणि कलमांचे क्रमांकही बऱ्याच अंशी तेच राहिले आहेत. लष्कराने फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यात ५०५अ हे नवे कलम घातले आणि १२४अ अधिक व्यापक केले. हे १२४अ म्हणजे १९०८ साली ज्याखाली लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ज्यामुळे ते १९१४ पर्यंत मंडालेच्या तुरुंगात राहिले, तेच राजद्रोहाचे कलम. मंडालेहून सुटल्यानंतर टिळकांनी आपली होमरूल लीग एप्रिल १९१६ मध्ये बेळगावातच स्थापन केली, हे इथल्या वाचकाला निराळे सांगायला नको. सह्या मागताना हा धागा एका वाक्यात जरूर सांगावा. निवेदनात मात्र तो घालू नये, कारण परराष्ट्र मंत्रालयातल्या अधिकाऱ्याला इतिहास नको असतो, मुद्दा हवा असतो.

त्याच मंडालेचे एक उदाहरण कैद्याची माहिती किती बारकाईने ठेवावी हे समजण्यासाठी उपयोगी आहे. झॉ मिंट माउंग १९९० साली निवडून आले आणि सभागृहात बसण्याऐवजी जवळपास दोन दशके तुरुंगात राहिले. २०१६ मध्ये ते मंडाले प्रांताचे मुख्यमंत्री झाले, २०२१ मध्ये पुन्हा पकडले गेले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने त्यांचा मृत्यू झाला. अशा कैद्याच्या बाबतीत ‘सुटका करा’ ही एकच मागणी अपुरी पडते. औषधोपचार, तज्ज्ञ डॉक्टर, नातेवाइकांची भेट, वकील आणि उघड न्यायालयातली सुनावणी अशा मागण्या वेगवेगळ्या मांडाव्यात, म्हणजे मोठी मागणी फेटाळली गेली तरी लहानांपैकी एखादी पदरात पडण्याची शक्यता उरते.

नाव वापरण्यापूर्वी कुटुंबाची किंवा वकिलाची इच्छा काय आहे, हे त्या प्रकरणावर काम करणाऱ्या संस्थेकडून समजून घ्यावे. काही कुटुंबांना गाजावाजा हवा असतो. काहींना तो घातक वाटतो. कैद्याला तुरुंगाच्या पत्त्यावर परस्पर पत्र धाडणे टाळावेच. तसेच या कामासाठी वर्गणी काढून ती परदेशी पाठवण्याच्या किंवा परदेशातून पैसे घेण्याच्या भानगडीत पडू नये. त्याचे कायदे कडक आहेत आणि टपालखर्चापलीकडे या कामाला पैसा लागत नाही.

निवेदन एका पानाचे असावे. त्याचा गाभा असा लिहिता येईल : ‘आम्ही बेळगाव जिल्ह्यातील खाली सही करणारे नागरिक आपल्या निदर्शनास आणू इच्छितो की, म्यानमारच्या अमुक मतदारसंघातून २०२० साली निवडून आलेल्या अमुक यांना अमुक तारखेपासून अटकेत ठेवण्यात आले असून, त्यांच्या प्रकृतीविषयी व ठावठिकाण्याविषयी कुटुंबाला माहिती मिळत नाही. भारत सरकारने त्यांचे नाव घेऊन म्यानमारकडे विचारणा करावी, त्यांना वैद्यकीय उपचार व वकील मिळावा असा आग्रह धरावा, त्यांची बिनशर्त सुटका मागावी आणि या संदर्भात काय केले ते आम्हाला लेखी कळवावे.’ शेवटचा भाग गाळू नये. लेखी उत्तर मागितले नाही तर पोहोच मिळते, उत्तर मिळत नाही. भाषा सौम्य ठेवावी. मराठी मसुद्याबरोबर कन्नड आणि इंग्रजी प्रतही करावी. खासदारांच्या कार्यालयातला लिपिक कोणती भाषा वाचतो याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा तिन्ही प्रती जोडलेल्या बऱ्या, शिवाय शेजारच्या कन्नड भाषकालाही त्यामुळे निःशंकपणे सही करता येते.

आता द्यायचे कोणाला. सर्वांत आधी आपल्या लोकसभा सदस्याला, आणि इथे आपल्या जिल्ह्यात हमखास घोटाळा होतो. बेळगाव शहर व ग्रामीण हे बेळगाव मतदारसंघात आहेत. निपाणी, हुक्केरी, अथणी चिक्कोडी मतदारसंघात मोडतात. खानापूर आणि कित्तूर मात्र उत्तर कन्नड मतदारसंघाला जोडलेले आहेत. खानापूरच्या सह्या बेळगावच्या खासदारांना दिल्या तर त्या आदराने स्वीकारल्या जातील आणि तिथेच राहतील. खासदाराकडे नुसते ‘लक्ष घाला’ असे म्हणू नये, तयार प्रश्न द्यावा. संसदेतल्या प्रश्नासाठी किमान पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि मित्रदेशाविषयी अवमानकारक उल्लेख असलेला प्रश्न स्वीकारला जात नाही. त्यामुळे ‘म्यानमारची जुलमी राजवट’ असे न लिहिता ‘अटकेतील अमुक लोकप्रतिनिधींच्या संदर्भात सरकारने म्यानमारकडे विचारणा केली आहे काय, असल्यास तिचा तपशील काय, नसल्यास कारणे काय’ अशी रचना करावी. प्रश्न कोरडा वाटेल, पण तो स्वीकारला गेला तर मंत्रालयाला छापील उत्तर द्यावे लागते.

खासदाराकडे आणखी एक दार आहे, जे आपल्याकडे फारसे कोणी ठोठावत नाही. १८८९ साली स्थापन झालेल्या आंतर-संसदीय संघाची, लोकप्रतिनिधींच्या मानवी हक्कांसाठी १९७६ पासून काम करणारी एक समिती आहे. तिच्याकडे सामान्य नागरिक म्हणून तक्रार करता येत नाही. कैदी स्वतः, त्याचे कुटुंब, वकील, मानवी हक्क संघटना किंवा दुसरा संसद सदस्य हे ती करू शकतात. भारताचा संसदीय गट या संघाचा सभासद असून लोकसभेचे अध्यक्ष त्या गटाचे पदसिद्ध अध्यक्ष असतात. म्हणून आपल्या खासदाराने समितीला पत्र लिहावे आणि त्याची प्रत लोकसभा अध्यक्षांना द्यावी, अशी नेमकी मागणी करावी. निवेदनाची एक प्रत दिल्लीतल्या म्यानमारच्या दूतावासाला स्पीड पोस्टाने पाठवावी आणि पावती जपून ठेवावी. तिथून उत्तर येणार नाही.

सह्यांसाठी हिवाळ्यात कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांत भरणारी साहित्य संमेलने ही उत्तम जागा आहे. तिथे ठराव मांडण्याची रीत आहेच. संयोजकांना आधी भेटून एका वाक्याचा ठराव मंजूर करून घेतला, तर त्याला सुट्या सह्यांपेक्षा अधिक वजन येते. सह्यांच्या कागदावर नाव, गाव आणि सही एवढेच घ्यावे, मोबाईल क्रमांक घेऊ नयेत. शहरात मोर्चा किंवा धरणे धरायचे असेल तर पोलिसांची परवानगी लागते, आणि १ नोव्हेंबरच्या सुमारास किंवा सुवर्ण विधानसौधात अधिवेशन चालू असताना ती मागू नये हे शहाणपणाचे. माझ्या मते या कामाला मोर्चाची गरजही नाही. सीमाप्रश्नाच्या घोषणा मात्र या निवेदनात चुकूनही मिसळू नयेत. तो प्रश्न आपल्या जिव्हाळ्याचा आहे हे खरेच, पण दोन्ही एका कागदावर आले की वाचणारा अधिकारी तो कागद सीमाप्रश्नाच्या फायलीत ढकलतो आणि तुरुंगातला माणूस मागे राहतो.

परिणामाविषयी भाबडेपणा नको. जानेवारी २०२२ मध्ये लष्करी न्यायालयाने माजी खासदार फ्यो झेया थॉ यांना फाशीची शिक्षा सुनावली. आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष, कंबोडियाचे पंतप्रधान हुन सेन यांनी स्वतः पत्र लिहून ती न देण्याची विनंती केली, तरीही जुलैमध्ये फाशी दिली गेली. डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १२ मतांनी ठराव करून विन मिंट व सू ची यांच्यासह मनमानीपणे अटकेत ठेवलेल्या सर्वांची सुटका मागितली; चीन, रशिया आणि भारत तटस्थ राहिले. भारताची मिझोराम, मणिपूर, नागालँड व अरुणाचलला लागून असलेली सीमा आणि तिथली सुरक्षा ही त्यामागची कारणे खासदार तुम्हाला सांगतील. त्यावर वाद घालू नये. तटस्थ मतदान करणाऱ्या सरकारलाही एका आजारी कैद्याच्या औषधाची चौकशी करता येते, एवढेच म्हणावे.

पाठपुराव्याचे वेळापत्रक निवेदन देतानाच ठरवावे. संसदेच्या प्रत्येक अधिवेशनापूर्वी खासदारांना स्मरणपत्र द्यावे. आंतर-संसदीय संघाची सभा वर्षातून दोनदा, साधारणपणे वसंतात आणि ऑक्टोबरच्या सुमारास भरते, तिच्या महिनाभर आधी दुसरे पत्र जावे. म्यानमारमध्ये ४ जानेवारीच्या स्वातंत्र्यदिनी आणि एप्रिलमधल्या नववर्षाला कैद्यांना माफी जाहीर होते. त्या याद्या तपासाव्यात. आपल्या कैद्याचे नाव त्यात आले तर लगेच फाईल बंद करू नये, कारण तिथल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४०१ खाली होणारी सुटका बहुधा सशर्त असते आणि अट मोडल्याचा ठपका ठेवून उरलेली शिक्षा पुन्हा भोगायला लावता येते. अशा वेळी सह्या करणाऱ्या गावांना बातमी कळवून, शिक्षाच रद्द करावी अशी मागणी करणारे नवे पत्र खासदारांकडे द्यावे आणि त्याला जुन्या निवेदनाचा आवक क्रमांक व तारीख जोडावी.