प्रोजेक्टरचा गॅमा आणि शार्पनेस: नुसत्या डोळ्यांवर सोडू नका

परभणीजवळच्या एका गावात कापसावरच्या गुलाबी बोंडअळीची चित्रं दाखवायला गेलो होतो. समाजमंदिर, वर पत्रे, समोर पन्नासेक माणसं. चित्र खणखणीत दिसावं म्हणून शार्पनेस पार टोकाला नेऊन ठेवलेला. बोंडाचा फोटो आला आणि मागून एक आजोबा म्हणाले, "सर, कडंनं पांढरं कायय ते? पिठ्या ढेकूण का?"

ढेकूण कुठला! प्रत्येक बोंडाला आणि पानाला माझ्याच शार्पनेसनं पांढरी किनार काढून ठेवली होती. बोंडअळी राहिली बाजूला, सभा पिठ्या ढेकणावर गेली.

फोकस नीट आहे, मशीन पंधरा-वीस मिनिटं तापलंय, हे धरून चालतो. पिक्चर मोड 'व्हिविड' किंवा 'डायनॅमिक' असेल तर 'सिनेमा' नाही तर 'स्टँडर्ड' करा. कीस्टोन, म्हणजे तिरपं चित्र ताणून सरळ करणारी सोय, शून्यावर आणा. चित्र तिरपं पडत असेल तर टेबलाखाली वीट घाला, पण कीस्टोनला हात लावू नका. लॅपटॉपचं रिझोल्यूशन प्रोजेक्टरच्या मूळ रिझोल्यूशनएवढं, म्हणजे मशीनमध्ये खरोखर जितके पिक्सेल (ठिपके) आहेत तेवढं ठेवा. खोक्यावर 'फुल एचडी सपोर्ट' छापलेलं असतं ते मूळ रिझोल्यूशन नव्हे, माहितीपत्रकात बघा. ब्राइटनेस इतकाच, की फोटोतल्या काळ्या कोटाच्या घड्या जेमतेम दिसाव्यात. कॉन्ट्रास्ट इतकाच, की पांढऱ्या धोतराच्या चुण्या पुसल्या जाऊ नयेत.

आता शार्पनेस. करड्या पार्श्वभूमीवर मोठ्या काळ्या अक्षरात मराठी ओळ लिहा आणि पडद्याजवळ जाऊन शिरोरेषा बघा. तिच्या वर-खाली पांढरी सावली दिसली की शार्पनेस जास्त आहे. सावली जाईपर्यंत उतरवा. अक्षरं पुसट व्हायला लागली तर एक-दोन घरं परत वर या. सरसकट शून्यावर आणा असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका, काही मशीनवर शून्याला चित्र मुद्दाम मऊ केलेलं असतं. शार्पनेसनं फोटोत नवा तपशील येत नाही, फक्त कडा गिरवल्या जातात. संपलं.

गॅमानं मात्र मला दोन वर्षं छळलं. अंधारी चित्रं दिसेनात की मी ब्राइटनेस वाढवायचो आणि काळ्याची राख व्हायची. ब्राइटनेस काळ्याचीच पातळी उचलतो. गॅमा काळं आणि पांढरं जिथल्या तिथं ठेवून मधल्या छटा हलवतो. लॅपटॉपनं निम्मा सिग्नल पाठवला तर गॅमा २.२ असताना पडद्यावर पूर्ण उजेडाच्या २२ टक्केच उजेड पडतो, १.८ ला २९ टक्के आणि २.४ ला १९ टक्के. हा फरक सावल्यांमध्ये जाणवतो.

मेनूत २.२ लिहिलंय म्हणून पडद्यावर २.२ पडतोय असं समजू नका. काही मेनूंत तर आकडेही नसतात, नुसतं अधिक-उणे. म्हणून चाचणीचं चित्र स्वतः बनवा. कुठल्याही चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्टरच्या मूळ मापाचं पान घ्या आणि एक पिक्सेल काळी, एक पिक्सेल पांढरी अशा आडव्या रेघांनी ते भरा. त्यावर चार करडे चौकोन ठेवा, लाल-हिरवा-निळा तिन्ही आकडे सारखे: पहिल्याला १७४, मग १८०, १८६ आणि १९१. हे चौकोन अनुक्रमे १.८, २.०, २.२ आणि २.४ गॅमाचे.

चित्र पीएनजी म्हणूनच साठवा. जेपीजीत रेघा मळतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलंत तर ते दाबलं जातं आणि सगळी मेहनत पाण्यात. उघडताना १०० टक्के आकारात, पूर्ण पडद्यावर. रेघांऐवजी जाड लाटा दिसल्या तर कुठंतरी चित्र ताणलं जातंय: कीस्टोन राहिलाय किंवा रिझोल्यूशन चुकलंय. लाटा दिसत असताना पुढं जाऊच नका, मी गेलोय आणि अख्खी संध्याकाळ घालवलीय.

खोलीत अंधार करा, रेघा एकजीव दिसतील इतकं मागं जा आणि डोळे बारीक करा. जो चौकोन रेघांत विरघळून जाईल तो तुमच्या मशीनचा खरा गॅमा. समजा २.२ हवाय, पण १८६ चा चौकोन रेघांपेक्षा काळपट दिसतोय, तर गॅमा जास्त आहे, एक घर उतरवा. उजळ दिसला तर चढवा. बदल करून पुन्हा मागं जा. पडद्याशी उभं राहून काही कळत नाही.

किती ठेवायचा? बंद अंधाऱ्या खोलीत २.४. रात्री हॉलमध्ये थोडा उजेड असेल तर २.२. आपल्याकडच्या दुपारच्या सभांना, जिथं पत्र्याच्या फटीतून ऊन आत येतं, तिथं २.० किंवा थेट १.८. बाहेरचा उजेड आधी सावल्याच गिळतो, म्हणून त्या उचलाव्या लागतात. चित्र थोडं फिकं वाटेल, वाटू द्या.

शेवटी वेरूळच्या कैलास लेण्याचा फोटो लावा, नेहमीचा, मोबाइलवर काढलेला चालेल. काळ्या दगडातल्या कोनाड्यात मूर्तीचे हात-पाय सुटे दिसले पाहिजेत आणि दगड काळाच राहिला पाहिजे. कोनाडा नुसता काळा खड्डा दिसत असेल तर गॅमा एक घर खाली. दगड राखेसारखा झाला असेल तर ब्राइटनेस तपासा, तुम्हीच कधीतरी वाढवलेला असतो.

दुपारचं सेटिंग 'यूजर १' मध्ये, रात्रीचं 'यूजर २' मध्ये साठवा आणि रिमोट स्वतःच्या खिशात ठेवा. समाजमंदिरात तो हातोहात फिरतो आणि सभा सुरू व्हायच्या आत कुणीतरी पुन्हा 'व्हिविड' लावून बसतं.